जोडले कोणी, सोडवणार कोण?

1996 साली सर्वोच्च न्यायालयापुढे केरळातील एका ख्रिस्ती दांपत्याचा खटला आला. पत्नीचे हे दुसरे लग्न होते. पहिले लग्न चर्चच्या न्यायाधिकरणाने रद्द ठरवले होते, त्यामुळे आपण नव्या संसाराला मोकळ्या आहोत असे ती धरून चालली होती. पुढे दुसऱ्या नवऱ्यानेच तो मुद्दा बाहेर काढला. हिचे पहिले लग्न कोणत्याही कोर्टाने मोडलेले नाही, तेव्हा आमचे लग्न मुळात झालेलेच नाही, असा त्याचा दावा होता. सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. चर्चचा निकाल चर्चपुरता. देशाच्या कायद्याने लग्न संपवायचे तर घटस्फोटाच्या 1869 च्या कायद्याखालील न्यायालयाचीच पायरी चढावी लागेल, असे न्यायालयाने बजावले. चर्चच्या निकालांना कायद्याचे बळ द्यावे अशी मागणी करणारी कर्नाटकातून आलेली जनहित याचिकाही 2017 मध्ये याच न्यायालयाने फेटाळली.

याच्या नेमके उलटही घडते. कुटुंब न्यायालयाची डिक्री हातात असलेली कॅथलिक स्त्री आपल्या पॅरिशच्या फादरांकडे दुसऱ्या लग्नाचे विचारायला गेली, तर ते डिक्री बाजूला ठेवून आधी चर्चच्या न्यायाधिकरणाचा निकाल मागतात. सरकारदरबारी ती घटस्फोटित. चर्चच्या वहीत मात्र अजून विवाहित.

घटस्फोट घ्यावा की घेऊ नये ही चर्चा सगळ्याच समाजांत चालते. ख्रिस्ती परंपरेत तिच्याही आधी दुसरा प्रश्न उभा राहतो. लग्न म्हणजे नेमके काय, आणि ते संपले असे सांगण्याचा अधिकार कोणाचा? त्या दोघांचा, चर्चचा, राज्याचा, की कोणाचाच नाही? दोन हजार वर्षांत निरनिराळ्या पंथांनी याची निरनिराळी उत्तरे दिली. उत्तर बदलले की घरादारांचे नशीब बदलले, राजांची सिंहासने हलली आणि एकदा तर एका देशाचे अख्खे चर्चच रोमपासून तुटले. ‘ख्रिस्ती धर्मात घटस्फोट नाही’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येणारे वाक्य म्हणूनच अर्धेच खरे आहे. ते ऐकल्यावर पहिला प्रश्न विचारायचा तो असा: कोणत्या चर्चमध्ये, आणि कोणत्या शतकात?

मुळात जाऊ. मोशेच्या नियमशास्त्रात, ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 24 व्या अध्यायात, बायकोत काही गैर आढळल्यास नवऱ्याने तिला सूटपत्र लिहून द्यावे आणि घराबाहेर पाठवावे अशी तरतूद आहे. आज ती निष्ठुर वाटते. पण त्या कागदामुळे त्या बाईला दुसरे लग्न करता येत होते, आणि पहिला नवरा मनाला येईल तेव्हा तिला परत ओढून आणू शकत नव्हता. वाद होता तो ‘काही गैर’ म्हणजे काय यावर. येशूच्या काळाच्या आसपास यहुदी पंडितांचे दोन पंथ यावर भांडत होते. शम्मायचे अनुयायी म्हणत, बदफैलीखेरीज दुसरे कारण चालणार नाही. हिल्लेलचे अनुयायी म्हणत, तिने स्वयंपाक बिघडवला तरी पुरे. पुढे रब्बी अकिवांनी त्यावर कडी केली: दुसरी कोणी अधिक देखणी दिसली तरी हरकत नाही.

परूशी पंथाचे यहुदी येशूला गाठून विचारतात तो प्रश्न या भांडणातला आहे. कोणत्याही कारणाने बायको टाकावी का? येशू दोन्ही पंथांना बगल देऊन थेट ‘उत्पत्ती’कडे, आदाम आणि हव्वेकडे जातो. मोशेने परवानगी दिली ती तुमच्या मनाच्या कठोरपणामुळे, मुळात तसे नव्हते; देवाने जे एकत्र आणले ते माणसाने वेगळे करू नये, असा त्याच्या उत्तराचा आशय आहे. ज्या समाजात स्वयंपाक बिघडल्याबद्दल बाई रस्त्यावर येऊ शकत होती, तिथे हे उत्तर ऐकताना पुरुषांनाच घाम फुटला असणार. मत्तयच्या शुभवर्तमानात शिष्यच कुरकुरतात की असे असेल तर लग्न न केलेलेच बरे.

अडचण पुढे आहे. मार्क आणि लूक यांच्याकडे हा नियम बिनशर्त आहे. मत्तयकडे मात्र दोन्ही ठिकाणी एक अपवाद आहे, व्यभिचाराचा. शिवाय मार्क बायकोने नवऱ्याला टाकण्याविषयीही बोलतो, कारण रोमन कायद्यात बायकांना तो अधिकार होता. करिंथच्या मंडळीला लिहिताना संत पौल आणखी एक वाट मोकळी करतो: विश्वास न ठेवणारा जोडीदार स्वतःहून निघून गेला तर त्याला जाऊ द्यावे, मागे राहिलेला बांधलेला नाही. ख्रिस्ती जगातील घटस्फोटाचा सारा वाद या मूठभर ओव्यांच्या भोवती फिरतो. कोणी मार्कला प्रमाण मानले, कोणी मत्तयचा अपवाद उघडा ठेवला, कोणी पौलाचा धागा लांबवला.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने मधला मार्ग काढला. लग्न एकदाच, हा आदर्श. पण माणूस दुबळा आहे, तेव्हा त्याच्यावर दया म्हणून दुसरे आणि फार तर तिसरे लग्न चर्च लावून देईल. मात्र दुसऱ्या लग्नाच्या विधीत पहिल्याचा जल्लोष नसतो, पश्चात्तापाच्या प्रार्थना असतात. चौथ्याला मात्र साफ नकार. बायझंटाइन सम्राट लिओ सहावा याने हा नकार अनुभवला. त्याच्या तीन राण्या एकापाठोपाठ वारल्या, गादीला वारस नव्हता. झोई नावाच्या स्त्रीपासून मुलगा झाला तेव्हा 906 मध्ये त्याने तिच्याशी चौथे लग्न केले. तिसऱ्या लग्नाविरुद्ध कायदा करणारा हाच सम्राट! पॅट्रिआर्क निकोलस यांनी त्याला चर्चच्या दारातच अडवले. भांडण इतके चिघळले की 920 मध्ये चर्चला चौथे लग्न कायमचे निषिद्ध ठरवून ते मिटवावे लागले.

पश्चिमेकडे संत ऑगस्टिन यांनी इसवी सन 401 च्या सुमारास लग्नाची तीन मोले सांगितली: संतती, निष्ठा आणि कधीही न तुटणारे पवित्र बंधन. या तिसऱ्या मोलावर पुढे कॅथलिक सिद्धांताची इमारत उभी राहिली. दोन बाप्तिस्मा झालेल्या व्यक्तींनी मनापासून दिलेल्या संमतीनेच लग्न होते. धर्मगुरू ते लावत नाही, वधूवरच एकमेकांना हा साक्रामेंत (पवित्र संस्कार) देतात. ते शरीरसंबंधाने पूर्ण झाले की पृथ्वीवरील कोणतीही सत्ता, पोपसुद्धा, ते मोडू शकत नाही. पण संमती हाच पाया असल्यामुळे मध्ययुगात भलताच घोटाळा झाला. झाडाखाली, गोठ्यात, दोघांनी एकमेकांना शब्द दिला तरी लग्न झाले! मग पुढे एकजण म्हणणार झाले, दुसरा म्हणणार नाही झाले. अखेर 1563 मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने पॅरिशचा धर्मगुरू आणि दोन साक्षीदार यांच्याशिवाय लग्न ग्राह्य नाही असा नियम केला. आजही लग्नाआधी चर्चमध्ये वधूवरांची नावे जाहीर करून कोणाची हरकत आहे का असे विचारले जाते, त्यामागेही अशाच चोरून होणाऱ्या लग्नांचा जुना अनुभव आहे.

आठव्या हेन्रीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण बहुधा चुकीची. घटस्फोटासाठी त्याने रोमशी नाते तोडले असे म्हटले जाते. हेन्रीने घटस्फोट मागितलाच नव्हता. कॅथरिन ऑफ अॅरगॉन ही त्याच्या मोठ्या भावाची विधवा. भावाच्या बायकोशी लग्न करणे शास्त्राविरुद्ध, सबब हे लग्न पहिल्या दिवसापासूनच झालेले नाही, असे पोपने जाहीर करावे एवढीच त्याची मागणी होती. पोप ऐकेना, तेव्हा 1533 मध्ये आर्चबिशप क्रॅन्मर यांच्याकडून त्याने ते करून घेतले. या साऱ्या उलथापालथीनंतर इंग्लंडच्या चर्चने पोप सोडला, पण लग्न मोडता येत नाही हे तत्त्व मात्र सोडले नाही.

ते सोडले जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्ये, प्रोटेस्टंट सुधारकांनी. मार्टिन ल्यूथरने 1520 मध्ये लग्न हा साक्रामेंत नाही असे लिहिले. लग्न ही देवाची देणगी, पण कारभार या जगाचा. त्याचे नियम राज्याने करावेत. पाच वर्षांनी मठ सोडून आलेल्या कॅथरिना फॉन बोरा हिच्याशी त्याने स्वतःच संसार मांडला. कॅल्व्हिनच्या जिनीव्हात व्यभिचार आणि परित्याग या दोन कारणांवर घटस्फोट मिळू लागला: पहिले कारण मत्तयचे, दुसरे पौलाचे. इंग्लंडमध्ये कवी जॉन मिल्टनने 1643 मध्ये पुस्तिका लिहून त्याही पुढे मजल मारली. लग्नाचा हेतू सहवास आणि मनाचे मैत्र, ते नसेल तर स्वभावाचा न जुळणारा मेळ हेही कारण पुरेसे, असे त्याचे म्हणणे. त्या काळी ते निव्वळ पाखंड ठरले. आज जगातल्या बहुतेक कायद्यांत तेच आहे.

आता मराठी वाचकाच्या घराजवळ येऊ. लग्न मोडण्याचा प्रश्न आपल्याकडे ख्रिस्ती लोकांसाठी कायद्यात आला तो धर्मांतरितांच्या निमित्ताने. नवरा बाप्तिस्मा घेई, बायको माहेरी निघून जाई किंवा सासरचे तिला अडवून ठेवत. हिंदू कायद्याने लग्न मोडत नाही, ख्रिस्ती नीतीने दुसरी बायको करता येत नाही. नवरा धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. 1866 मध्ये धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा झाला. त्याने पौलाची करिंथकरांना दिलेली मुभा सरकारी कलमांत बसवली. धर्मांतरामुळे जोडीदाराने सोडून दिले असेल तर आधी एकत्र राहण्याचा दावा लावायचा. कोर्ट समोरच्याला विचारणार. नकार आला तर वर्षभर थांबायचे, मग पुन्हा विचारायचे. तरीही नकारच, तर लग्न मोडले, आणि दोघेही पुन्हा लग्नाला मोकळे.

ही वाट उघडी असूनही न धरणाऱ्या एका घराची कहाणी मराठी साहित्यात अजरामर आहे. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर, नातलगांच्या आसऱ्याने राहिल्या. लहानगा दत्तू पदरी, भोवती सुतकासारखे वातावरण. पुढे त्या नगरला टिळकांकडे परतल्या, पण लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. एकाच गावात राहून सोवळेओवळे सांभाळत स्वतःचा स्वयंपाक वेगळा करीत राहिल्या. 1900 मध्ये त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना या पाच वर्षांत एक लग्न तुटता तुटता पुन्हा कसे सांधले जाते हे दिसते. तिथे कायदा नाही, सिद्धांतही जेमतेम. आहे तो दोन हट्टी माणसांचा एकमेकांवरचा जीव आणि भांडणे. विवाहाच्या अर्थाविषयी मराठीत लिहिणाऱ्याला याहून चांगला दस्तऐवज मिळणे अवघड आहे.

पण बाकीच्या लाखो ख्रिस्ती घरांवर राज्य केले ते दुसऱ्याच कायद्याने, आणि त्याचे मूळ इंग्लंडमध्ये. 1857 पर्यंत इंग्लंडमध्ये पुन्हा लग्न करता येईल असा घटस्फोट हवा असेल तर पार्लमेंटकडून खास स्वतःपुरता कायदा करून घ्यावा लागे. त्याचा खर्च श्रीमंतांनाच परवडे, आणि त्यात यश मिळालेल्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. 1857 च्या कायद्याने हे काम न्यायालयाकडे आले, पण तराजू वाकडाच राहिला. बायकोचा व्यभिचार सिद्ध झाला की नवऱ्याला घटस्फोट. नवऱ्याचा व्यभिचार सिद्ध झाला तर बायकोला तेवढ्याने घटस्फोट नाही. त्याच्या जोडीला क्रौर्य, परित्याग, निषिद्ध नात्यातील संबंध असे आणखी काही सिद्ध करावे लागे. बारा वर्षांनी, 1869 मध्ये, हाच तराजू इंडियन डायव्होर्स अॅक्टच्या दहाव्या कलमात भारतात आला.

या कलमाखाली प्रत्यक्षात काय होई ते पाहावे. नवरा रोज मारतो: घटस्फोट नाही. नवरा दहा वर्षांपूर्वी निघून गेला: घटस्फोट नाही. नवऱ्याने उघड दुसरी बाई ठेवली आहे: तेवढ्याने घटस्फोट नाही. मारतोही आणि बाईही ठेवली आहे, हे दोन्ही साक्षीपुराव्याने शाबीत झाले तर मिळेल. तोही जिल्हा न्यायालयाने दिल्यावर उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी शिक्कामोर्तब करेपर्यंत कच्चाच. उलट नवऱ्याला बायकोच्या प्रियकराकडून नुकसानभरपाई मागण्याची सोयही याच कायद्यात होती, जणू कोणी त्याची गुरे पळवली. स्वतःच्या चारित्र्यावर खोटा डाग लावून घेऊन, म्हणजे व्यभिचाराचा आरोप मुकाट्याने मान्य करून, सुटका करून घेण्याचा विचार कोणा बाईच्या मनात आला तर त्यात नवल नव्हते. सरळ वाट कायद्याने ठेवलीच नव्हती.

इंग्लंडने हा भेद 1923 मध्ये मिटवला. भारतात तो आणखी 78 वर्षे टिकला. स्वतंत्र भारतात हिंदूंसाठी 1955 मध्ये विवाह कायदा झाला, 1976 मध्ये त्यात परस्परसंमतीचा घटस्फोटही आला. ख्रिस्ती बायका व्हिक्टोरिया राणीच्या काळातच राहिल्या. 1982 मध्ये एका ख्रिस्ती जोडप्याने परस्परसंमतीचा घटस्फोट आम्हालाही द्या म्हणून सर्वोच्च न्यायालयाकडे मागणी केली. 1869 च्या कायद्याच्या सातव्या कलमात इंग्लंडच्या न्यायालयांची तत्त्वे पाळावीत असे म्हटले होते, त्याचा आधार त्यांनी घेतला. न्यायालयाने नकार दिला: नवे कारण घालणे संसदेचे काम. 1985 मध्ये मेघालयातील खासी ख्रिस्ती पत्नी आणि शीख पती यांच्या खटल्यात न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी विवाह कायद्यांच्या या गोंधळावर कडक शब्दांत बोट ठेवले. विधी आयोगाने तर या विषयावर अहवालावर अहवाल दिले होते. 1983 चा 90 वा अहवाल दहाव्या कलमावरच होता.

अल्पसंख्याकांच्या कायद्यात हात घालायचा नाही, चर्च नाराज होईल, ही सरकारची सबब. ती लंगडी होती. दहावे कलम बायबलमधून आले नव्हते आणि पोपकडूनही नाही. ते इंग्लंडच्या पार्लमेंटमधून आले होते. कॅथलिक चर्च घटस्फोटच मानत नाही, मग नवऱ्याला सोपा आणि बायकोला अवघड घटस्फोट देण्यात त्याच्या कोणत्या सिद्धांताचे रक्षण होणार होते? ख्रिस्ती महिला संघटनांनी हा मुद्दा लावून धरला आणि निरनिराळ्या चर्चच्या प्रतिनिधींना सोबत घेऊन नव्या कायद्याचा आग्रह धरला. शेवटी कोंडी फोडली न्यायालयांनी. केरळ उच्च न्यायालयाने 1995 मध्ये बायकोवरील जाचक अटी घटनाबाह्य ठरवून वगळल्या. 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने तेच केले. 2001 मध्ये संसदेने कायदा बदलला. नवरा आणि बायको दोघांना सारखीच कारणे मिळाली. क्रौर्य आणि परित्याग ही स्वतंत्र कारणे झाली. परस्परसंमतीचे कलम आले, उच्च न्यायालयाचा शिक्का गेला, प्रियकराकडून भरपाईही गेली. कायद्याच्या नावातला ‘इंडियन’ हा शब्दही तेव्हाच गळला.

गोव्याची तऱ्हा निराळी. तिथे इंग्रजांचा नव्हे, पोर्तुगीजांचा कायदा. 1910 मध्ये पोर्तुगालमध्ये राजेशाही गेली आणि काही आठवड्यांतच चर्चविरोधी प्रजासत्ताकाने घटस्फोटाचा कायदा केला. मग हुकूमशहा सालाझारची राजवट आली. 1940 मध्ये तिने व्हॅटिकनशी करार केला: जो चर्चमध्ये लग्न लावेल त्याने दिवाणी घटस्फोटाचा हक्क सोडला असे धरले जाईल. 1946 च्या फर्मानाने ही व्यवस्था वसाहतींना लागू झाली आणि कॅथलिक लग्न रद्द करण्याचा चर्चच्या न्यायाधिकरणाचा निकाल सरकारदरबारीही मान्य ठरला. 1961 मध्ये गोवा मुक्त झाला, जुने कायदे मात्र कायम राहिले. पोर्तुगालने 1975 मध्ये व्हॅटिकनशी पुन्हा बोलणी करून आपल्या कॅथलिकांना घटस्फोटाची मोकळीक दिली. तोवर गोवा त्यांचा राहिला नव्हता. ज्या निकालाला मुंबईच्या कोर्टात कायद्याची किंमत नाही, त्याला मांडवीच्या काठी ती होती, याचे कारण लिस्बन आणि रोम यांच्यातील एका जुन्या करारात आहे.

चर्चचे हे न्यायाधिकरण काम कसे करते, याबद्दल कॅथलिक घरांतही गैरसमज पुष्कळ. ते घटस्फोट देत नाही. संसार का मोडला, चूक कोणाची, हे त्याचे मुख्य प्रश्न नाहीत. त्याचा डोळा वेदीसमोर शपथ घेतली त्या क्षणावर असतो. त्या वेळी कोणी जबरदस्ती केली होती का? काही गंभीर गोष्ट लपवली होती का? मूल होऊच द्यायचे नाही असे एकाने आधीच ठरवले होते का? लग्नाची जबाबदारी समजण्याची आणि पेलण्याची मानसिक कुवत होती का? अर्जदार आणि जोडीदार यांचे जबाब होतात, नातेवाईक आणि मित्र यांच्या साक्षी होतात, गरज पडल्यास मानसशास्त्रज्ञाचे मत घेतले जाते. आणि एक खास अधिकारी असतो, विवाहबंधनाचा रक्षक. लग्न खरेच झाले होते, ते वैध आहे, अशी बाजू मांडणे हेच त्याचे काम. नवराबायको दोघेही सुटू पाहत असले तरी लग्नाच्या वतीने कोणीतरी उभे राहिलेच पाहिजे. लग्न मुळात झाले नव्हते असा निकाल लागला तरी मुले अनौरस ठरत नाहीत, हेही सांगितले पाहिजे, कारण ही भीती अनेक आयांना वर्षानुवर्षे अडवून धरते.

दुसरा गैरसमज याहून घातक आहे. मार खाऊनही नांदलेच पाहिजे असे चर्च सांगते, हा तो. कॅथलिक कायद्याचे 1153 वे कलम जोडीदाराकडून शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्याचा अधिकार देते. आणि कोर्टाचा घटस्फोट घेऊन एकटी राहणारी व्यक्ती ख्रिस्तप्रसाद घेऊ शकते. अडचण येते ती पुन्हा लग्न केल्यावर.

या पुन्हा लग्न केलेल्यांवरूनच गेल्या दशकात रोममध्ये रणकंदन झाले. पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये लग्न रद्द ठरवण्याची प्रक्रिया सुटसुटीत केली. पूर्वी दोन न्यायाधिकरणांचे एकसारखे निकाल लागत, आता एक पुरे. उघड आणि स्पष्ट प्रकरणांत बिशप स्वतः लवकर निकाल देऊ शकतात. त्याच वर्षी कुटुंबाविषयी बिशपांची सभा झाली. तिच्या अंतिम निवेदनाच्या मसुदा समितीत मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस होते. 2016 मध्ये पोपचे ‘आमोरिस लेतित्सिया’ हे पत्र आले आणि सगळ्यांची नजर गेली त्याच्या आठव्या अध्यायातील 351 क्रमांकाच्या तळटीपेवर. काही प्रकरणांत अशा लोकांना साक्रामेंतांचीही मदत मिळू शकते, असे ती सूचित करते. चार कार्डिनलांनी पोपला पाच लेखी प्रश्न टाकले. अर्जेंटिनातील बिशपांनी दार किलकिले केले, पोलंडच्या बिशपांनी ते लावूनच ठेवले. शतकानुशतकांचा सिद्धांत एका तळटीपेत अडखळला, असे विरोधक म्हणतात. सिद्धांत तोच, फक्त माणसाकडे पाहिले, असे समर्थक.

इंग्लंडच्या चर्चचा प्रवास राजवाड्यातूनच दिसतो. 1936 मध्ये आठव्या एडवर्डला घटस्फोटितेशी लग्न करायचे म्हणून गादी सोडावी लागली. 1955 मध्ये राजकन्या मार्गारेटने घटस्फोटित पीटर टाउनसेंडशी लग्नाचा बेत सोडला. 2002 मध्ये चर्चच्या महासभेने पहिला जोडीदार हयात असतानाही काही प्रसंगी चर्चमध्ये दुसरे लग्न लावण्यास मान्यता दिली. तरी 2005 मध्ये चार्ल्स आणि कॅमिला यांचे लग्न नोंदणी पद्धतीनेच झाले, चर्चमध्ये फक्त आशीर्वाद. 2018 मध्ये घटस्फोटित मेगन मार्कलचे लग्न मात्र विंडसरच्या चॅपेलमध्ये थाटात लागले. आणि गादी सोडायला लावणाऱ्या त्याच चर्चचे सर्वोच्च प्रमुख आज चार्ल्स आहेत.

कॅथलिक देशांत हा निर्णय थेट मतपेटीत गेला. इटलीने 1974 मध्ये घटस्फोटाचा कायदा राखला. आयर्लंडच्या 1937 च्या घटनेत घटस्फोटावर बंदीच होती. 1986 मध्ये जनतेने ती कायम ठेवली. 1995 मध्ये पुन्हा मतदान झाले. घटस्फोट आला की बाबा घरातून गेले, अशा आशयाच्या पाट्या रस्तोरस्ती लागल्या. बंदी उठली ती अवघ्या 9114 मतांनी. 2011 मध्ये माल्टानेही कौल दिला. फिलिपीन्समध्ये मुस्लिमांखेरीज इतरांना आजही घटस्फोट नाही. 2024 मध्ये तिथल्या कनिष्ठ सभागृहाने विधेयक मंजूर केले, सिनेटमध्ये ते अडले.

इतक्या वाटा आणि वळणे पाहिल्यावर पुढील पाने वाचताना तीन प्रश्न एकमेकांत मिसळू देऊ नयेत. कायद्याने लग्न संपले का? चर्चच्या दृष्टीने ते मुळात झाले होते का? आणि त्या व्यक्तीला मंडळीत, वेदीपाशी, नातलगांत कशी वागणूक मिळते? पहिल्याचे उत्तर न्यायाधीश देतो, दुसऱ्याचे न्यायाधिकरण किंवा पाळक. तिसऱ्याचे उत्तर रविवारी शेजारच्या बाकावर बसणारे देतात, आणि तेच सगळ्यात जास्त दुखावते किंवा सावरते.

काम अजून बाकी आहे. परस्परसंमतीच्या घटस्फोटासाठी हिंदू जोडप्याने एक वर्ष वेगळे राहायचे आणि ख्रिस्ती जोडप्याने दोन, असा भेद 2001 च्या कायद्यात राहून गेला. केरळ उच्च न्यायालयाने तो 2010 मध्ये घटनाबाह्य ठरवून मुदत एका वर्षावर आणली, आणि 2022 मध्ये त्या एका वर्षाच्या सक्तीलाही हरकत घेतली. कायद्याच्या छापील पुस्तकात मात्र दोन वर्षेच आहेत. ती दुरुस्त करणे हे संसदेचे काम आहे. चर्चचे काम त्याहून सोपे आहे आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. कॅथलिक चर्चमध्ये लग्नाआधी वधूवरांना विवाहपूर्व शिबिराला बसावे लागते. प्रोटेस्टंट पाळकही जोडप्याला समोर बसवून चार गोष्टी सांगतात. त्यात प्रार्थना, पैसा, सासर, मुले यांवर बोलणे होते. त्याच बैठकीत अर्धा तास काढून मारहाण झाली तर कुठे जायचे, कोर्टाचा आणि चर्चचा मार्ग वेगळा कसा, आणि वेगळे राहणे पाप का नाही, हेही प्रत्येक मुलीला आणि मुलाला सांगावे.